न्याय कीं सूड ?

सन २०२४ च्या डिसेंबर महिन्यांत आपल्या बीड जिल्ह्यावर जें दुःख कोसळलें, त्याची आठवण ह्या अंकाच्या बहुतेक वाचकांच्या मनांत ताजी असेल. केज तालुक्यांतील मस्साजोग गांवचे सरपंच संतोष देशमुख यांचें ९ डिसेंबर रोजीं अपहरण झालें आणि त्याच दिवशीं अमानुष मारहाण करून त्यांचा प्राण घेण्यांत आला. पवनचक्कीच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वाटेंत ते आडवे आले, म्हणून हें कृत्य झालें, असें तपास करणाऱ्यांनीं पुढें आरोपपत्रांत म्हटलें. २८ डिसेंबर रोजीं बीड शहरांत प्रचंड मोर्चा निघाला. मार्च २०२५ मध्यें त्या छळाचीं छायाचित्रें लोकांसमोर आलीं, तेव्हां तर ज्यानें त्यानें मान खालीं घातली. रस्त्यावर, बाजारांत, एस्. टी. च्या थांब्यावर एकच शब्द ऐकूं येत होता : फांशी.

त्याच दिवसांत मीं नववीच्या वर्गास 'माझा जिल्हा' ह्या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. बिंदुसरा नदी, कंकालेश्वराचें मंदिर, अंबाजोगाईचे आद्यकवि मुकुंदराज, ऊसतोडीस जाणारीं कुटुंबें, असें कांहीं मुलें लिहितील अशी माझी अपेक्षा होती. तसें कित्येकांनीं लिहिलेंही. परंतु पुष्कळ वह्यांचा शेवट फांशीवर झाला होता. एका मुलानें तर भर चौकांत फांशी द्यावी व ती सर्वांस पाहूं द्यावी, असें लिहिलें होतें. वह्या परत देतांना मीं मुलांस सांगूं लागलों कीं, शिक्षा आणि सूड ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इतक्यांत मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि अगदीं शांतपणें म्हणाला, "सर, तुमचा भाऊ असता तर ?"

वर्ग स्तब्ध झाला. मला उत्तर सुचलें नाहीं. तेवढ्यांत घंटा झाली आणि मीं वर्गाबाहेर पडलों. परंतु प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला. हा लेख म्हणजे त्या मुलास उशिरानें दिलेलें उत्तर आहे. ज्यांच्यावर ह्या खुनाचा आरोप आहे, त्यांच्याविषयीं मी येथें कांहीं लिहिणार नाहीं. दोष ठरविणें हें न्यायालयाचें काम आहे, शाळेच्या मासिकाचें नव्हे.

प्रथम प्रामाणिकपणें कबूल करितों कीं, माझा भाऊ असता तर मीं सूडच मागितला असता. लहानपणापासून मीं क्षमेचीं वचनें ऐकलीं आहेत व मुलांस शिकविलींही आहेत. पण त्या छायाचित्रांत माझ्या आईचा मुलगा असता, तर तीं वचनें माझ्या ओठांवर आलीं असतीं असें सांगण्याचा खोटेपणा मी करणार नाहीं. तथापि ह्या कबुलींतूनच माझें उत्तर सुरू होतें. आपल्या खेड्यांत बांधाचा तंटा लागला, म्हणजे मोजणीची साखळी आपण दोहोंपैकीं कोणत्याही भाऊबंदाच्या हातीं देत नाहीं. ज्याचें शेत गेलें तो खोटा असतो म्हणून नव्हे, तर दुखावलेल्या माणसाच्या हातून माप सरळ राहत नाहीं म्हणून. आपण सरकारी मोजणीदार बोलावितों. शेताच्या वितभर जमिनीसाठीं आपण ही सावधगिरी बाळगतों. मग माणसाचा प्राण मोजावयाचा असतां ती सोडून द्यावी काय?

मनुष्यजातीस हें शहाणपण फार जुन्या काळीं सुचलें आहे. मोशेच्या नियमशास्त्रावर लोक कठोरपणाचा आरोप करितात. पण त्यांतील समान भरपाईचा नियम हा सुडाची परवानगी नसून सुडाला घातलेली मर्यादा आहे, हें ते विसरतात. एका माणसाच्या वधाबद्दल सारें घराणें कापून काढणाऱ्या टोळ्यांस तो नियम सांगत होता कीं, हानि झाली तेवढ्यापलीकडे जाऊं नका. त्याच नियमशास्त्रांत सहा शरणपुरें नेमलेलीं आहेत. ज्याच्या हातून मनुष्यवध झाला, त्यानें तेथें पळून जावें, म्हणजे मृताच्या आप्तानें रागाच्या भरांत त्यास गांठण्यापूर्वीं मंडळीपुढें चौकशी व्हावी, असा त्यांतील हेतु होता. एकट्या साक्षीदाराच्या शब्दावर कोणास मरणदंड देऊं नये, हेंही तेथेंच सांगितलें आहे. सारांश, राग आणि दंड यांच्यामध्यें कांहीं अंतर असलें पाहिजे, हें तत्त्व हजारों वर्षांपूर्वींचें आहे. आजचें न्यायालय, वकील, अपील, दयेचा अर्ज हीं सर्व त्या अंतराचींच नांवें होत.

हें अंतर नसेल तर काय होतें ? आपल्याच राज्यांतील एक उदाहरण सांगतों. जून २००३ मध्यें नाशिक जिल्ह्यांत एका गरीब कुटुंबावर दरोडा पडला व पांच जणांचे प्राण गेले. कृत्य इतकें भयंकर होतें कीं, ऐकणाऱ्याचें रक्त उसळावें. भटक्या जमातींतील सहा मजुरांवर खटला झाला. २००६ सालीं सत्र न्यायालयानें सहाही जणांस फांशीची शिक्षा दिली. उच्च न्यायालयानें तिघांची फांशी कायम ठेविली व तिघांस जन्मठेप दिली. परंतु २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सहाही जणांस फांशीच योग्य ठरविली. त्या दिवशीं कोणीही म्हणाला असता कीं, न्याय झाला. पुढें प्रकरण पुन्हां उघडण्यांत आलें, आणि ५ मार्च २०१९ रोजीं त्याच सर्वोच्च न्यायालयानें सहाही जण निर्दोष असल्याचा निर्णय दिला. वांचलेल्या साक्षीदार स्त्रीनें पोलिसांच्या दप्तरांतील छायाचित्रांवरून आरंभीं निराळ्याच चौघांस ओळखलें होतें, हें तेव्हां उजेडांत आलें. सहांपैकीं एक जण तर गुन्ह्याच्या वेळीं अल्पवयीन होता. न्यायालयानें प्रत्येकास पांच लाख रुपये देण्यास सरकारला सांगितलें. सोळा वर्षें तुरुंगांत गेलेल्या माणसास पांच लाख तरी देतां आले. फांशी अंमलांत आली असती, तर ते कोणाच्या हातांत ठेवावयाचे होते ? आणि ज्या कुटुंबाचीं पांच माणसें गेलीं, त्याला तरी काय मिळालें ? खरे गुन्हेगार सुटले ते सुटलेच. सुडाला कोणाचा तरी गळा हवा असतो. न्यायाला अपराध्याचाच शोध घ्यावा लागतो. हा भेद किती मोठा आहे, हें त्या सहा जणांच्या बायकामुलांनीं भोगिलें आहे.

आपल्या देशाचा कायदाही हळूहळू ह्याच दिशेनें चालत आला आहे. पूर्वीं खुनाच्या अपराध्यास फांशी न दिल्यास न्यायाधीशास कारण लिहावें लागे. १९५५ सालीं तें बंधन गेलें. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें उलट फांशी देतांना विशेष कारणें नोंदविण्याचें बंधन घातलें. १९८० सालीं बच्चनसिंग ह्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें फांशी घटनेविरुद्ध नाहीं असें ठरविलें, पण ती विरळांतल्या विरळ प्रसंगींच द्यावी असाही दंडक घातला. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतही खुनाबद्दल मृत्युदंड किंवा जन्मठेप असे दोन्ही मार्ग ठेविलेले आहेत. घटना समितींत ३ जून १९४९ रोजीं बोलतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं फांशीची शिक्षाच रद्द करावी ह्या बाजूनें आपलें मत दिलें होतें, आणि त्यासाठीं ह्या भूमीच्या अहिंसेच्या परंपरेचा आधार घेतला होता. अन्यायाची झळ ज्यांनीं जन्मभर सोसली, त्या पुरुषाचें हें मत आहे. त्यांस कोणी दुबळें म्हणणार नाहीं.

पालकसभेनंतर एका गृहस्थांनीं मला विचारिलें, "मग धाक कशाचा राहणार ?" प्रश्न योग्य आहे. परंतु २० मार्च २०२० रोजीं दिल्लीच्या तिहार तुरुंगांत चौघांस एकाच पहांटे फांशी दिली गेली. त्यानंतर देशांत स्त्रियांवरील अत्याचार थांबले, असें कोणास म्हणतां येईल काय? भारताच्या विधि आयोगानें ऑगस्ट २०१५ च्या अहवालांत असा निष्कर्ष काढला कीं, जन्मठेपेहून फांशीचा धाक अधिक पडतो असा पुरावा नाहीं. आणि दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे वगळून फांशी रद्द करावी, अशी शिफारस केली. इटलींतील बेक्कारिया नांवाच्या विचारवंतानें १७६४ सालींच सांगून ठेविलें होतें कीं, गुन्हेगार शिक्षेच्या क्रौर्याला जितका भितो, त्याहून अधिक तिच्या अटळपणाला भितो.

मला वाटतें, आपल्या जिल्ह्यांतील आक्रोशाचें मर्म येथेंच आहे. लोक 'फांशी द्या' म्हणतात, तेव्हां त्यांच्या मनांत खोल एक भीति असते कीं, ज्याच्या पाठीशीं पैसा व वजन आहे, त्यास कांहींच होणार नाहीं. फांशीची मागणी ही पुष्कळदां खात्रीची मागणी असते. ती खात्री मागण्याचा लोकांस पूर्ण अधिकार आहे. पण ती दोरानें मिळत नाहीं. पहिल्या दिवशींच तक्रार नोंदविली गेली, साक्षीदाराच्या घरावर पहारा बसला, खटला वर्षानुवर्षें रेंगाळला नाहीं, आणि आरोपीची जात किंवा ओळख न पाहतां पुरावा गोळा झाला, तर ती मिळते. हीं कामें फांशीहून अवघड आहेत. म्हणूनच तीं करण्यापेक्षां फांशीची घोषणा देणें सर्वांस सोपें वाटतें.

कोणी असेंही समजूं नये कीं, मी अपराध्यास मोकळें सोडा म्हणतों. १९९९ च्या जानेवारींत ओरिसांतील मनोहरपूर येथें कुष्ठरोग्यांची सेवा करणारे ग्रॅहॅम स्टेन्स व त्यांचीं दोन लहान मुलें यांस गाडींत जिवंत जाळण्यांत आलें. त्यांची पत्नी ग्लॅडिस यांनीं मारेकऱ्यांस क्षमा केल्याचें सांगितलें. तरीही खटला चालला, आणि मुख्य अपराध्याची जन्मठेप २०११ सालीं सर्वोच्च न्यायालयानें कायम केली. दोन्ही गोष्टी आपापल्या जागीं योग्य होत्या. क्षमा करणें हा त्या विधवेचा अधिकार होता. शिक्षा करणें हें राज्याचें कर्तव्य होतें. महात्माजींच्या वधानंतर त्यांचे पुत्र मणिलाल व रामदास यांनींही मारेकऱ्यांस फांशी देऊं नये असें सरकारास कळविलें होतें. सरकारनें तें मानिलें नाहीं, व १५ नोव्हेंबर १९४९ रोजीं अंबाला येथें दोघांस फांशी झाली. परंतु एवढें ध्यानांत ठेवावें कीं, अशी क्षमा दुसऱ्यानें मागावयाची नसते. मस्साजोगच्या त्या घरापुढें उभें राहून 'क्षमा करा' असें सांगण्याचा मला काडीमात्र अधिकार नाहीं. त्या घराला न्याय द्यावा, हेंच सांगण्याचा आहे. जन्मठेप ही कांहीं लहान शिक्षा नव्हे; आवश्यक तेथें ती सुटकेची सवलत न देतां मरणापर्यंत भोगावयास लावतां येते, हें २००८ सालींच सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें आहे.

आतां शेवटची गोष्ट, जी मला सर्वांत अधिक बोचते. त्या महिन्यांत आमच्या वर्गांतील कांहीं मुलांनीं आपले बाक बदलले. कोणीं कोणास हांकललें नाहीं. आडनांवें पाहून मुलें आपोआप सरकलीं. वर्षभर एका डब्यांतली भाकरी खाणारे दोघे एकमेकांकडे न पाहतां बसूं लागले. ह्या मुलांपैकीं कोणीं कोणाचें काय केलें होतें ? मार्च २०२५ मध्यें आपल्या जिल्ह्यांतील पोलिसांच्या छातीवरील पट्ट्यांवरून आडनांवें काढून केवळ पहिलीं नांवें ठेविण्यांत आलीं, तेंही ह्याच रोगावरील औषध म्हणून. सूड एका माणसावर कधींच थांबत नाहीं. तो त्याच्या घराला, मग गांवाला, मग जातीला लागतो, आणि अखेर नववीच्या वर्गांतील बाकापर्यंत येऊन पोहोंचतो. न्याय मात्र एका अपराध्यापाशीं थांबतो आणि त्याच्या निरपराध मुलाला शाळेंत सुखानें बसूं देतो. मला ह्या दोहोंतून एक निवडावयाचें असेल, तर शिक्षक ह्या नात्यानें माझी निवड कधींच ठरलेली आहे.

तेव्हां, मागच्या बाकावरील माझ्या विद्यार्थ्या, तुझ्या प्रश्नाचें उत्तर असें आहे : माझा भाऊ असता तर मीं सूड मागितला असता, आणि त्या वेळीं तुझ्यासारख्यांनीं माझा हात धरावा, अशी माझी इच्छा असती. शोक करणाऱ्याला रागावण्याची मुभा आहे. ज्यांच्यावर तो प्रसंग आला नाहीं, त्यांनीं शुद्ध ठेवावयाची असते. पालकांस माझी विनंति आहे कीं, घरीं ह्या विषयावर बोलणें निघालें, तर मुलांदेखत कोणत्याही जातीचें नांव घेऊन बोलूं नये. आणि विद्यार्थ्यांनो, उद्यां प्रार्थनेनंतर वर्गांत याल, तेव्हां आपापल्या जुन्या बाकावर बसा.