एका यंत्रात दोन बिऱ्हाडे

घरात संगणक एक आणि मते दोन, अशी स्थिती हल्ली पुष्कळ कुटुंबांत आढळते. जमाखर्च, आयकर व कचेरीचे काम विंडोजवर चालते. शिकणाऱ्या मुलास लिनक्स हवे असते. विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून, ज्या जुन्या यंत्रांस विंडोज ११ मानवत नाही, त्यांवर लिनक्सचे बिऱ्हाड आणण्याचा विचार अनेक घरांत चालू आहे. दोन्ही बिऱ्हाडे एका यंत्रात सुखाने नांदतात. तंटा होतो तो उंबरठ्यावर. एके दिवशी यंत्र सुरू करावे, तो निवडीची यादी नाहीशी आणि थेट विंडोजच उघडते. किंवा काळ्या पडद्यावर 'ग्रब' हा एवढाच शब्द आणि पुढे लुकलुकणारी रेघ.

अशा वेळी बहुतेक दुरुस्तीवाल्यांचा निवाडा एकच असतो: सगळे पुसून नव्याने घाला. गेल्या श्रावणात येथील एका दुकानात आमच्या घरच्या यंत्रासही हाच निवाडा मिळाला. एका बाजूस धाकट्या बंधूंचे सात वर्षांचे हिशेब. दुसऱ्या बाजूस आमच्या तीर्थरूपांच्या हस्तलिखित टिपणांवरून सूनबाईंनी रोज दुपारी थोडथोडे टंकलेले अमरकोशाचे विवरण. यांतले पुसावयाचे कोणते? पुतण्याने यंत्र तसेच उचलून घरी आणले व तासाभरात दोन्ही बाजू जशाच्या तशा उघडून दाखविल्या. कानामात्राही हरवला नव्हता. हरवला होता तो फक्त दाराचा पत्ता, आणि दुकानदार मात्र घर पाडावयास निघाला होता!

हा पत्ता ठेवतो कोण? संस्कृत नाटकात नांदी होते, मग सूत्रधार येतो आणि तो पात्रांस रंगभूमीवर आणतो. संगणकातही तसेच आहे. वीज मिळताच यंत्राच्या अंगची मूळ व्यवस्था जागी होते, ही नांदी. ती एका छोट्या सूत्रधारास बोलाविते. त्यास बूटलोडर म्हणतात. लिनक्सकडील सूत्रधाराचे नाव ग्रब. जुन्या पद्धतीत त्याला चकतीवरील पहिल्या ५१२ बाइटांपैकी केवळ ४४६ बाइट मिळत. एवढ्याशा ओटीवर एकासच बसता येई, म्हणून मागून आलेला आधीच्यास हुसकावी. यूईएफआय नामक नव्या पद्धतीत या कामासाठी निराळा कप्पा असतो आणि त्यात प्रत्येकाची स्वतंत्र खोली. सबब हल्ली हुसकावणे क्वचित. विंडोजच्या एखाद्या अद्ययावतीकरणानंतर पंगतीतील क्रम बदलतो, इतकेच.

म्हणून पहिला उपाय सर्वांत साधा. यंत्र सुरू होताच एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी (बनावटीप्रमाणे) जी कळ असेल ती दाबावी. यादी उघडते, तीत लिनक्सचे नाव दिसले तर ते निवडावे. उघडले की काम झाले. मग मूळ व्यवस्थेत जाऊन त्याचा क्रम पहिला करावा. नाव दिसतच नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवावे आणि सर्वांआधी महत्त्वाच्या फायली दुसऱ्या चकतीवर उतरून घ्याव्या. नंतर बूट-रिपेअर हे साधन चालवावे. लिनक्स मिंटच्या पेनड्राइव्हवर ते आयते मिळते. मात्र मूळ लिनक्स ज्या पद्धतीने बसविले असेल, जुन्या वा नव्या, त्याच पद्धतीने पेनड्राइव्ह सुरू झाला पाहिजे. येथे पुष्कळांचा दिवस फुकट जातो.

उलटही घडते: लिनक्स उघडते, पण यादीत विंडोज नाही. ग्रबच्या २०२१ मधील २.०६ या आवृत्तीपासून शेजाऱ्याचा शोध घेणे मुळातच बंद ठेवलेले असते. ग्रबच्या मांडणीच्या फायलीत ओएस-प्रोबर चालू करून 'अपडेट-ग्रब' ही आज्ञा दिली की शेजारी पुन्हा दिसू लागतो.

कधी दोष घरच्यांचा नसतोच. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज-दुरुस्तीने जगभर अनेक दुहेरी यंत्रांतील लिनक्सला दार बंद केले. जुने, असुरक्षित सूत्रधार रोखण्याचा तिचा हेतू होता. दुहेरी यंत्रे वगळावयाची होती, पण ती सारी ओळखता आली नाहीत. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्समधून तो नियम काढावा लागे. मायक्रोसॉफ्टने पुरता उपाय दिला तो मे २०२५ मध्ये.

परंतु सिक्युअर बूटला हात लावण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. विंडोजची चकती बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर असा बदल होताच ती ४८ अंकांची किल्ली मागते. पुष्कळ यंत्रांत हे कुलूप न सांगता लागलेले असते. किल्ली नसेल, तर आत असलेले हिशेब असून नसल्यासारखे. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात बहुधा सापडते. वहीत उतरून घरातील दोघांस तरी ठाऊक असू द्यावी.

पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते-येते, म्हणून आणखी एक सांगतो. विंडोजची 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद ठेवावी. तिच्यामुळे विंडोज पुरते झोपत नाही, अर्धे जागेच राहते. मग लिनक्समधून त्याच्या कप्प्यात लिहिता येत नाही, आणि बळाने लिहू गेल्यास फायली बिघडतात.

राहिला घड्याळाचा तंटा. लिनक्स यंत्रातील घड्याळास जागतिक वेळ समजते, विंडोज त्यासच स्थानिक वेळ मानते. त्यामुळे लिनक्सनंतर विंडोज उघडले की घड्याळ साडेपाच तास मागे. संकष्टीच्या दिवशी रात्री साडेनऊ वाजता आमच्या यंत्राने चार वाजलेले दाखविले, तेव्हा उपवास करणाऱ्या मंडळींत बरीच हशा पिकली. लिनक्सला स्थानिक वेळ पाळण्याची एक आज्ञा दिली की हा फरक मिटतो. ती आज्ञा पुतण्याने आता यंत्राच्या बाजूसच चिठ्ठीवर लिहून चिकटविली आहे.