विश्लेषण : पावणेसहा वर्षे प्रशासन होते, मग ‘गव्हर्नमेंट’ कुठे होते?

नवी मुंबई महापालिकेतील नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली. आधी करोना, मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे न्यायालयीन वाद. निवडणूक लांबत गेली आणि मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. मधल्या काळात कचरा उचलला जात होता, मोरबे धरणाचे पाणी येत होते, स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये तर शहर देशात तिसरे आले. मग बिघडले काय, असे अनेकांना वाटते. गव्हर्नमेंट, गव्हर्नन्स आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेशन हे तीन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात, त्यामुळेच हा प्रश्न पडतो.

शब्दांत फरक काय?

‘गव्हर्न’चे मूळ ग्रीक भाषेत आहे. अर्थ, जहाजाचे सुकाणू धरणे. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ लॅटिनमधून आला आणि त्याच्या मुळाशी सेवा आहे. दिशा ठरवणे हे एक काम, ठरलेले नीट पार पाडणे हे दुसरे. महापालिकेत पहिले काम महासभेचे, दुसरे आयुक्तांचे. गव्हर्नन्स म्हणजे निर्णय कसे होतात, कोणाला विचारून होतात आणि जाब कोण देतो ती रीत. मराठीत त्यासाठी ‘कारभार’ हा जुना, नेमका शब्द होता. सरकारी भाषेने त्याचे ‘सुशासन’ केले. (मराठीत ‘शासन’ म्हणजे शिक्षाही!)

प्रशासक आल्याने काय बदलले?

आयुक्तच प्रशासक झाले. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. अंदाजपत्रकही तेच तयार करणार आणि मंजुरीही तेच देणार. त्यांची नेमणूक आणि बदली राज्य सरकारच्या हाती, त्यामुळे ऐरोली किंवा तुर्भ्याच्या मतदाराला ते उत्तर देण्यास बांधील नव्हते. खड्ड्याची तक्रार मोबाइलवरून करता येते. आधी शाळा की आधी उड्डाणपूल, हा मात्र तक्रारीचा विषयच नसतो. त्यासाठी सभागृह लागते.

नगरसेवक असताना सारे आलबेल होते का?

मुळीच नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये महासभेने आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास ठराव मंजूर केला, तेव्हा अनेक नागरिक आयुक्तांच्या बाजूने होते. राज्य सरकारने त्यांना लगेच हटवले नाही, बदली झाली मार्च २०१७ मध्ये. पण कोण कोणत्या बाजूने उभा होता, हे त्या ठरावामुळे शहराला दिसले. प्रशासकाच्या काळात तेवढेही दिसत नव्हते. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी, असे संविधानाचे कलम २४३-यू सांगते. म्हणजे हा निव्वळ सोयीचा मामला नव्हता.

आता दिघा ते बेलापूर १११ नगरसेवक निवडून आले आहेत. या पावणेसहा वर्षांत एका सहीने मंजूर झालेल्या कामांचा आणि खर्चाचा हिशेब महासभेच्या पटलावर मागणे, हे त्यांचे पहिले काम असायला हवे.