जुन्या मालाचे खरे साल

चोरबाजारातील ढिगात गिटारचा आवाज भरदार करणारे कोरस पेडल सापडले की 'जपानी, फार जुने' म्हणून विकण्याचा मोह होतो. आम्हाला हे गैर वाटते. बॉस कंपनीचे सीई-१ बाजारात आले १९७६ साली, सीई-२ १९७९ साली. पण मॉडेलचे साल म्हणजे नगाचे साल नव्हे. तळाची पाटी व स्क्रू सहज बदलता येतात. म्हणून कारागिराने झाकण उघडून आतील भागांवरचे तारखेचे आकडे वाचावेत. मूळ डागाचा सर्वांत नवा भाग ज्या सालचा, त्याआधीचे ते पेडल असूच शकत नाही. नवा डाग दिसला तर गिऱ्हाइकाला आधीच सांगावे. ऐब झाकून केलेल्या कमाईत बरकत नसते.