चाकणला आलेल्या पाहुण्याला रविवारी काय दाखवायचं?

मागच्या महिन्यात शनिवारी रात्री भाच्याचा फोन. "मामा, आमच्या कंपनीत मशीन बसवायला पोलंडचे एक इंजिनिअर आलेत. उद्या सुट्टी आहे. कुठे नेऊ?"

मी सवयीने म्हणालो, "लोणावळ्याला ने."

"नको. रविवारी तिथे गाडी हलत नाही. आणि ते विचारतायत, चाकणमध्ये बघण्यासारखं काय आहे?"

वीस वर्षं या पट्ट्यात बातमीदारी करतोय, पण या प्रश्नाला पटकन उत्तर देता आलं नाही. जमीन संपादन, कंटेनर, कामगारांचे संप, कांद्याचे भाव, काहीही विचारा, सांगतो. "बघायला काय आहे" हे मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

नाही म्हणायचीही सोय नव्हती. गेल्या वर्षी भाचा ट्रेनिंगला तिकडे गेला, तेव्हा याच साहेबांनी त्याला शनिवार-रविवार आपलं क्राकोव शहर पायी फिरवलं होतं. 1257 साली आखलेला तिथला चौक, साधारण दोनशे मीटर लांब आणि तेवढाच रुंद. चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला एक माणूस कर्णा वाजवतो आणि सूर मध्येच तोडतो. तातारांचा हल्ला आला तेव्हा इशारा देणाऱ्या पहारेकऱ्याच्या गळ्यात बाण घुसला म्हणे, त्याची ही आठवण. इतिहासकार याला दंतकथाच म्हणतात. तरी कर्णा चुकत नाही, आणि लोक खाली माना वर करून उभे असतात.

तर रविवारी सकाळी सातला आम्ही संग्रामदुर्गाकडे निघालो. रिक्षावाल्याला विचारलं, तो म्हणाला, "कुठला किल्ला? राजगुरुनगरकडे का?" माणूस चाकणचाच होता. त्याला हसण्यात अर्थ नाही, मी स्वतः तिथे शेवटचा कधी गेलो होतो ते आठवत नव्हतं.

भुईकोट किल्ला. गावाच्या मधोमध. थोडी तटबंदी, बुरुजांचे अवशेष, खंदकाच्या खुणा. पाहुणे बराच वेळ दगडांकडे बघत राहिले. मग मी सांगायला लागलो. जून 1660, शाहिस्तेखानाची हजारोंची फौज, आणि आत मूठभर माणसं घेऊन किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. भर पावसाळा. शेवटी मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला. तरी हा एवढासा किल्ला जवळजवळ दोन महिने लढला. खानाने फिरंगोजीला चाकरी देऊ केली, त्याने ती नाकारली आणि महाराजांकडे परत गेला.

"मदत का नाही आली?" पाहुण्यांनी विचारलं. बरोबर मुद्दा होता. त्याच पावसाळ्यात महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. तिथून निसटणं, पावनखिंड, बाजीप्रभू हे आपल्या पोराबाळांना पाठ आहे. त्याच आठवड्यांत आपल्या घराशेजारी काय चाललं होतं, ते मात्र नाही.

पन्हाळा कोल्हापूरजवळ आहे म्हटल्यावर ते एकदम थांबले. कोल्हापूर हे नाव त्यांना माहीत होतं. महायुद्धात रशियातून सुटलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका-मुलं, 1943 ते 1948 कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्याची आठवण म्हणून वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. आपले पंतप्रधान 2024 साली तिथे फूल वाहून आले.

आता "ते लोक जपतात, आपण नाही" हे रडगाणं मी लावणार नाही, कारण ते पूर्ण खरं नाही. क्राकोवच्या लोकांनीही एकोणिसाव्या शतकात आपला बहुतेक तट पाडला. एक वेस, तिच्यासमोरचा 1498 चा बुरूज आणि भिंतीचा तुकडा तेवढा राहिला. खंदक बुजवून त्यांनी शहराभोवती सुमारे चार किलोमीटरची बाग केली. म्हणजे उरलेलं त्यांच्याकडेही थोडंच आहे. त्यांनी ते चालत बघता येईल असं केलं, बस.

त्याच शहराला लागून नोवा हुता आहे, 1949 नंतर पोलाद कारखान्यासाठी वसवलेली कामगारवस्ती. पर्यटक पैसे मोजून तीही बघतात. आणि आपण पिंपरी-चिंचवडला नुसतं "एमआयडीसी" म्हणून मोकळे होतो! 1954 ची हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, जिथे देशाचं पेनिसिलिन बनलं, ती पिंपरीत. पवनेकाठी मोरया गोसावींची समाधी. रँडवर गोळी झाडणाऱ्या चापेकरांचा वाडा. पुढे देहू, आळंदी. दोन दिवसांची सहल सहज होते.

"आधी ट्रॅफिक सोडवा, मग पर्यटन" असं खाली कोणीतरी लिहिणारच. मान्य आहे. तळेगाव चौकात माझंही आयुष्य गेलंय. पण रविवारी सकाळी सात ते अकरा तोच रस्ता मोकळा असतो. तेवढ्या वेळासाठी निगडीहून एक बस सोडा. गावातल्या दोन कॉलेजच्या पोरांना माहिती सांगायला शिकवा आणि त्याचे पैसे द्या. कंपन्यांकडे सीएसआरचा निधी आहे, परदेशी पाहुणेही त्यांचेच. एवढं करा. किल्ल्यावर रंगीत लाइटा, कारंजं आणि सेल्फी पॉइंट मात्र कृपा करून नको. निविदा निघाली की आपल्याकडे पहिलं तेच सुचतं.

निघताना पाहुण्यांनी विचारलं, माहितीचं एखादं पत्रक मिळेल का, इंग्रजीत? मी मागच्या बिलावर चार ओळी खरडून दिल्या. त्यांनी घडी घालून पाकिटात ठेवल्या. मला फार लाजल्यासारखं झालं.

ते पत्रक आता लिहिलंय, मराठी आणि इंग्रजीत, एक पान. कोणाला छापून द्यायचं असेल तर इनबॉक्स करा. येत्या रविवारी सकाळी साडेसातला मी संग्रामदुर्गाच्या वेशीपाशी असेन. या. येताना पोरांना आणा, आणि तो रिक्षावाला कोणाच्या ओळखीचा असेल तर त्यालाही.