कंदील आमचा, तेल परक्याचे

२०२४ सालच्या जानेवारीचे पहिले दोन दिवस आमच्या वाचकांच्या स्मरणातून अजून गेले नसतील. भारतीय न्याय संहितेतील अपघातविषयक कलमाच्या निषेधार्थ मालमोटारी व टँकर हाकणाऱ्या चालकांनी काम थांबविले, आणि दुसरा दिवस मावळला नाही तोच महाराष्ट्रातील अनेक शहरांतून पेट्रोल पंपांपुढे रांगा लागल्या. त्या कलमासंबंधाने चालकांचे म्हणणे खरे की सरकारचे, हा आजचा वाद नव्हे. आम्हांस लक्षात आणून द्यावयाचे ते इतकेच की, त्या दोन दिवसांत बंदरांत तेलाची जहाजे नेहमीप्रमाणे येत होती व शुद्धीकरणाचे कारखानेही चालू होते. तुटली होती ती साठ्यापासून पंपापर्यंतची शेवटची मजल. शेवटची मजल दोन दिवस तुटताच ही अवस्था, तर पहिलीच मजल तुटली, म्हणजे परदेशच्या बंदरातून जहाजच सुटले नाही, तर काय होईल? सांगलीच्या पेठेतील हळद, तासगावचा बेदाणा, कराड-वाळव्याकडील ऊस, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, यांपैकी क्वचितच एखादी वस्तू डिझेलवाचून आपले गाव सोडते. तेव्हा हा प्रश्न दिल्लीतील मुत्सद्द्यांचा आहे, आपला नव्हे, असे म्हणून सातारा व सांगली येथील व्यापाऱ्यांस मोकळे होता येणार नाही.

प्रथम हिशेब पाहू. आपल्या देशास लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून येते. २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात सुमारे २३ कोटी टन कच्चे तेल आपण आणले, व त्यापायी सुमारे १३२ अब्ज डॉलर, म्हणजे जवळजवळ ११ लाख कोटी रुपये मोजले. यातील काही भाग शुद्ध करून आपण पुन्हा बाहेर विकतो, हे न्यायाने सांगितलेच पाहिजे. परंतु ती वजावट करूनही जी बाकी निघते ती छाती दडपविणारीच आहे. उलटपक्षी आपल्या भूमीतून व समुद्रातून निघणारे तेल वर्षास ३ कोटी टनांच्या आत आले आहे. मुंबई हायचे तेल १९७६ पासून येऊ लागले आणि १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास देशाची निम्म्याहून अधिक गरज घरच्या तेलावर भागत होती. पुढे गाड्या वाढल्या, रस्ते वाढले. विहिरी मात्र जुन्या होत गेल्या. ज्या पेढीचा शंभरांतील पंच्याऐंशी माल परक्या पुरवठादारांच्या मर्जीवर येतो आणि तोही ज्या दिवशी यावयाचा त्याच दिवशी आला पाहिजे, अशा पेढीस आपल्या गणपती पेठेतील कोणता सावकार डोळे मिटून पत देईल?

हा धोका कल्पनेतला नाही. आमच्या याच जिल्ह्यांनी तो भोगलेला आहे. कराडजवळील ओगलेवाडीस १९१६ साली काचेचा कारखाना निघाला आणि तेथील प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला. काच आमची, कारागीर आमचा, भांडवल आमचे. परंतु त्यात घालावयाचे रॉकेल परदेशी कंपन्यांच्या डब्यांतून येई. महायुद्धाच्या काळात, १९४१ पासून, पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. १९४२ च्या मार्चमध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशातील तेलाच्या विहिरी व कारखाने शत्रूच्या हाती जाऊ नयेत म्हणून इंग्रजांनी स्वतःच उद्ध्वस्त केले, आणि इकडे मोटारींना मागे कोळशाच्या शेगड्या जोडून त्यांच्या धुरावर गाड्या चालविण्याची पाळी आली. सर्वोत्तम स्वदेशी कंदीलही तेलावाचून काळोखातच राहतो, हा धडा त्या वेळी फुकट मिळाला होता. तो आम्ही विसरलो. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली व थोड्याच महिन्यांत भाव चौपट झाले. १९९० साली इराकने कुवेत घेतले, तेल कडाडले, आणि परकीय चलनाची तिजोरी रिकामी पडून १९९१ च्या जुलैमध्ये या देशास सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवावे लागले. घरातील सोने गहाण पडल्यावर कुटुंबाची जी मानखंडना होते, ती आमच्या वाचकांस समजावून सांगण्याची जरूर नाही.

गहाणाचा व्यवहार ज्यांनी न्यायालयात पाहिला आहे त्यांस हेही ठाऊक असते की, सावकार केवळ व्याज घेऊन थांबत नाही. कुळाने मत कोणास द्यावे आणि मुलगी कोणाकडे द्यावी, येथपर्यंत त्याचा हात पोहोचतो. राष्ट्रांचेही तसेच आहे. २०२२ च्या फेब्रुवारीपूर्वी आपण रशियाकडून घेत असलेले तेल शेकडा दोनहूनही कमी होते. युक्रेनचे युद्ध पेटल्यावर ते स्वस्त मिळू लागले आणि वर्ष-दोन वर्षांत त्याचा वाटा एक तृतीयांशावर गेला. स्वस्त माल घेण्यात पाप नव्हते. पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये, हेच तेल घेता म्हणून, अमेरिकेने आपल्या मालावर २५ टक्के जादा जकात बसविली. म्हणजे तेल कोणाकडून घ्यावे याचा जाब आपल्या विणकरास आणि कारखानदारास तिसऱ्याच्या दरबारात द्यावा लागला! त्याच वर्षी जूनमध्ये इस्रायल व इराण यांची जुंपली, तेव्हा होर्मुझच्या सामुद्रधुनीची वाट बंद होते की काय, या चिंतेने सारे जग व्यापले. जगात खपणाऱ्या तेलाचा सुमारे एक पंचमांश ज्या वाटेने जात आला ती वाट अरुंद जागी अवघी ३३ किलोमीटर रुंद आहे. सातारा ते कराड हे अंतर याहून मोठे आहे.

यावर आमच्याकडील साखर कारखान्यांचे धुरीण तत्काळ म्हणतील की, उपाय आमच्या शिवारातच उभा आहे. उसापासून इथेनॉल काढा, पेट्रोलात मिसळा, आणि परक्याचे ऋण फेडा. या उद्योगाचे श्रेय आम्ही हिरावून घेऊ इच्छीत नाही. २०२२ च्या जूनमध्ये शेकडा १० मिश्रणाचा टप्पा ठरल्या मुदतीआधी गाठला गेला व २०२५ साली शेकडा २० ची मजलही मारली गेली; कारखान्यांस रोख पैसा मिळाला आणि शेतकऱ्याच्या बिलास थोडा आधार झाला. परंतु आकडे काय सांगतात? देशात खपणाऱ्या सर्व पेट्रोलियम पदार्थांत पेट्रोलचा वाटा शंभरांत सुमारे सोळा. डिझेलचा जवळजवळ अडतीस. सोळाचा पाचवा हिस्सा म्हणजे तीन. इतका सारा गाजावाजा शंभरांतील तीन भागांचा आहे, आणि व्यापार ज्यावर चालतो त्या डिझेलास त्याचा स्पर्शही नाही. गळिताच्या हंगामात रस्त्यावर उभे राहून पाहावे: ज्या उसातून स्वदेशी इंधन निघावयाचे, तोच ऊस परदेशी तेलावर चालणाऱ्या ट्रॅक्टरांच्या जोड-ट्रॉल्यांतून कारखान्याच्या दारी येतो!

शिवाय हे इंधन फुकटचेही नव्हे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्ची पडते. कृष्णाकाठच्या मळेवाल्यास हा आकडा किरकोळ वाटेल. जत, आटपाडी, माण, खटाव येथील ज्या माउलीने टँकरपुढे घागर धरून उन्हाळे काढले आहेत, तिला तो वाटणार नाही. आणि पाऊस रुसला म्हणजे काय होते तेही आपण पाहिले. ७ डिसेंबर २०२३ रोजी सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास एकाएकी मनाई केली, आठवड्याभरात ती काहीशी सैल केली, आणि बंधने पुरती उठावयास २०२४ च्या ऑगस्टची अखेर उजाडली. तेव्हा मक्याकडे धाव घेतली. परिणाम असा की, एरवी मका निर्यात करणारा हा देश २०२४ साली मका आयात करू लागला. तेलाची आयात टाळण्यासाठी धान्याची आयात करणे, हा आजार हटविण्याचा नव्हे, त्याची जागा बदलण्याचा उपाय झाला.

दुसरा पक्ष म्हणतो, वीजेवर चालणाऱ्या गाड्या घ्या म्हणजे तेलाचे नावच नको. ही दिशा खरी आहे, असे आमचेही मत आहे. परंतु तिच्यातही एक खाचखळगा आहे. या गाड्यांच्या बॅटऱ्यांतील घट मुख्यतः चीनमधून येतात, आणि मोटारीतील लोहचुंबकास लागणारे दुर्मिळ मृदा धातू शुद्ध करण्याची कला जवळजवळ त्याच देशाने आपल्या मुठीत ठेवली आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये चीनने अशा सात धातूंच्या निर्यातीस परवान्याची अट घातली, आणि काही आठवड्यांतच आपल्याकडील मोटार कारखानदारांच्या तोंडचे पाणी पळाले. चुंबके येथेच तयार व्हावीत म्हणून केंद्र सरकारने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली हे ठीकच झाले. पण तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय आपण केव्हा सोडणार? एक फरक मात्र मान्य केला पाहिजे. तेल रोज जळते व रोज आणावे लागते. बॅटरी एकदा आणली की वर्षानुवर्षे टिकते. म्हणून हे ऋण पहिल्याइतके घातक नाही. पण केवळ सावकार बदलल्याने ऋणको मुक्त होत नाही.

तर मग करावयाचे काय? आमच्या मते तीन गोष्टी, आणि तिन्हींचे बीज याच दोन जिल्ह्यांत आहे.

पहिली गोष्ट साठ्याची. हरिपूरच्या पेवांत सांगलीचा व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवीत आला. भाव पडले असता माल पुरावयाचा आणि टंचाईत काढावयाचा, ही त्याची विद्या. २००५ च्या महापुराने पुष्कळ पेवे निकामी केली, पण विद्या बुडाली नाही. देशानेही विशाखापट्टण, मंगळूर व पादूर येथे खडकांच्या पोटात तेलाची अशीच पेवे खोदली आहेत. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत तेलाचे भाव कोसळले तेव्हा ती भरून घेतली, त्यात सरकारच्या सांगण्याप्रमाणे ५,००० कोटी रुपयांहून अधिक वाचले. परंतु या तिन्ही पेवांचे पोट मिळून ५३ लाख टनांचे. म्हणजे देशाची साडेनऊ दिवसांची गरज. तेल कंपन्यांकडील साठा मिळवूनही, प्रगत राष्ट्रांनी नव्वद दिवसांच्या आयातीइतक्या साठ्याचा जो नियम आपणांस लावून घेतला आहे, त्याहून आपण कमी भरतो. ओरिसातील चांदीखोल व पुन्हा पादूर येथे नवी पेवे खोदण्यास २०२१ साली मंजुरी मिळाली. मंजुरीने पेव भरत नाही, हे हरिपूरचा हमालही सांगेल.

दुसरी गोष्ट आगगाडीची. पुणे-मिरज मार्गावर आता वीज खेळते, आणि ती वीज बहुतांशी घरच्या कोळशातून व पाण्यातून निघते. पाटण तालुक्यात अडविलेल्या कोयनेच्या पाण्यावर १९६२ पासून वीज होत आहे. त्या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांच्यापैकी कित्येकांचे पुनर्वसन अजून अपुरे आहे, ही लाजिरवाणी गोष्ट येथे नोंदवून आम्ही विचारतो की, ज्या जिल्ह्याने महाराष्ट्रास वीज दिली त्याचाच माल डिझेलवर का जावा? कवठेमहांकाळ तालुक्यात रांजणी येथे ड्रायपोर्ट होणार, अशा गोष्टी आम्ही कित्येक वर्षे ऐकत आहोत. मिरज, सांगली व कराड येथे मालधक्के, शीतगृहे व ठरलेल्या वेळेच्या मालगाड्या यांची मागणी व्यापारी मंडळांनी एकमुखाने केली पाहिजे. निवेदन देऊन फोटो काढल्याने हे साधणार नाही. अमुक इतका माल वर्षभर देऊ, असा लेखी करार पुढे करावा लागेल. रेल्वे खाते भाषणास नव्हे, भाड्यास ओळखते.

तिसरी गोष्ट कारखान्यांची. उसाच्या मळीचा गाळ, ज्यास प्रेसमड म्हणतात, त्यापासून गॅस काढून तो दाबून गाड्यांत भरता येतो. त्यासाठी एक टिपूसभर अधिक पाणी ऊसपिकास द्यावे लागत नाही. प्रत्येक कारखान्याने प्रथम स्वतःच्या ऊसवाहतुकीपुरता तरी हा गॅस काढावा. स्वतःच्या ट्रॅक्टरास जो कारखाना इंधन पुरवू शकत नाही त्याने देशास इंधन पुरविण्याच्या गोष्टी सांगू नयेत.

शेवटी चार शब्द आपल्याच वर्तनाविषयी, कारण सरकारास दोष देणे सोपे आहे. लग्नात मुलीच्या बापाकडून चारचाकी उकळणारा, दहा पावलांच्या दुकानास गाडी काढणारा, आणि एसटीत बसणे कमीपणाचे मानणारा गृहस्थ सभेत स्वदेशीवर टाळ्या पिटतो, हे ढोंग आम्ही रोज पाहतो. हुंडा हा कायद्याने गुन्हा आहेच. पण हुंड्यात मागितलेली मोटार ही मुलीच्या बापाबरोबर देशासही कर्जात घालते. एसटीची सोय अपुरी असेल तर ती सुधारून घेण्यासाठी भांडावे. बड्यांनी तिच्याकडे पाठ फिरविल्यावर तिच्यासाठी भांडणार कोण?

कारखान्यांच्या व व्यापारी संस्थांच्या वार्षिक सभा दरवर्षी भरतात. अहवाल वाचला जातो, 'मंजूर, मंजूर' असा घोष होतो आणि सभासद चहा पिऊन घरी जातात. येत्या सभेत एका तरी सभासदाने उभे राहून तीन प्रश्न विचारावेत. आपल्या संस्थेचा किती माल गेल्या वर्षी आगगाडीने गेला? वाहतुकीच्या डिझेलवर किती रुपये खर्च झाले? आणि डिझेल पंधरा दिवस मिळाले नाही तर संचालकांनी कोणती योजना करून ठेवली आहे? ही उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. ती कोरी राहिली, तर ओगलेवाडीच्या कंदिलाची गोष्ट आपण ऐकली पण समजून घेतली नाही, असे पुढची पिढी म्हणेल. आणि तिचे म्हणणे खोडून काढावयास आपल्याजवळ पुरावा असणार नाही.