पुरलेला इतिहास आणि कोरलेला इतिहास



राष्ट्राचा वर्धापनदिन आला की सरकारला इतिहासाची आठवण होते. तोरणे लागतात, मिरवणुका निघतात, आणि कधी कधी सरकार देशाचा वृत्तांत धातूच्या पात्रात बंद करून पुढच्या पिढ्यांसाठी जमिनीत पुरते. यासच कालपात्र म्हणतात. अमेरिकेने आपल्या स्वातंत्र्याच्या २५० व्या वर्षानिमित्त असे पात्र फिलाडेल्फिया येथे ठेवण्याचे २०१६ च्या कायद्याने ठरविले. ते २२७६ साली उघडावयाचे आहे. आपल्या देशाने हा प्रयोग पूर्वीच करून पाहिला आहे. २०४७ साली आपल्या स्वातंत्र्याचे शतक भरेल, तेव्हा हाच मोह पुन्हा होणार नाही असे कोण सांगेल? म्हणून ती जुनी कथा तुम्हांस ठाऊक असली पाहिजे.

स्वातंत्र्याच्या २५ वर्षांच्या निमित्ताने १५ ऑगस्ट १९७३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिल्लीच्या लाल किल्ल्यात कालपात्र पुरण्यात आले. आत स्वतंत्र भारताचा इतिहास होता. हजारो वर्षांनी जन्मणाऱ्या माणसाने तो वाचावा अशी सरकारची अपेक्षा होती. पण त्या दिवशी जिवंत असलेल्या नागरिकापुढे तो ठेवून त्याचे मत घ्यावे, असे सरकारास वाटले नाही! त्यात एकाच घराण्याचा गौरव केला आहे असा आक्षेप विरोधकांनी घेतला. १९७७ साली सत्ता पालटली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नव्या सरकारने ते पात्र उकरून काढले. सहस्रावधी वर्षांसाठी पुरलेला इतिहास साडेचार वर्षेही जमिनीत राहू शकला नाही.

हे दोन पक्षांचे भांडण आहे, त्याचे आम्हांस काय, असे म्हणू नका. १९७३ साली तुमचे आईवडील, आजीआजोबा कोठे होते ते आठवा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली, तिला तेव्हा सतरा वर्षे होत आली होती. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात धर्माची अट होती. शिखांसाठी ती १९५६ साली सैल झाली, परंतु बौद्धांसाठी केंद्राने ती १९९० साली सैल केली. म्हणजे ज्या दिवशी लाल किल्ल्यात पंचवीस वर्षांचा इतिहास पुरला जात होता, त्या दिवशी धर्म बदलला म्हणून केंद्राच्या यादीबाहेर पडलेली लक्षावधी माणसे या देशात होती. अस्पृश्यता त्यांच्या घरातून गेली नव्हती. नाव मात्र यादीतून गेले होते. पंचवीस वर्षांच्या हिशेबात ही बाकी मांडा, असे म्हणण्याची संधी त्यांस कोणी दिली काय? जो हिशेब ऋणकोनेच लिहावयाचा आणि धनकोस न दाखविता पुरून टाकावयाचा, त्यास इतिहास म्हणावयाचे काय?

आता दुसरे उदाहरण पाहा. सम्राट अशोकानेही आपला वृत्तांत पुढील पिढ्यांसाठी ठेवला. पण तो पुरला नाही, खडकावर कोरला. राजभाषेचा बडेजाव न करता लोकांच्या बोलीत कोरला. कलिंगात धौली येथील लेखात तर तो तिष्य नक्षत्राच्या दिवशी ऐकविला जावा, प्रसंगी एकट्या माणसानेही ऐकावा, अशी आज्ञा आहे. त्याने केवळ आपली कीर्ती लिहिली नाही. कलिंगच्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख देशोधडीस लागली, हे त्याने स्वतःच तेराव्या शिलालेखात नमूद केले व त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला. आपला अपराध उघड्यावर लिहिणारे सरकार तुम्ही कधी पाहिले आहे काय? पुढे ती लिपी लोक विसरले, तरी दगड उघडा होता. म्हणून १८३७ साली जेम्स प्रिन्सेपला ती वाचता आली. आपल्या सोपाऱ्यास या शिलालेखांचा एक तुकडा १८८२ साली मिळाला आणि दुसरा १९५६ साली, म्हणजे दीक्षेच्याच वर्षी!

राजाचेच कशाला? कार्ल्याच्या लेण्यात जा. तेथे सामी नावाच्या सुताराचे आणि सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याचे नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षे ती नावे वाऱ्यापावसात उभी आहेत. त्यांस कोणी पुरले नाही, म्हणून कोणास उकरून फेकताही आले नाही.

तेव्हा २०४७ साली सरकार पुन्हा पात्र सिद्ध करू लागले, तर त्यापुढे आपली मागणी स्पष्ट असावी. मजकूर आधी सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध करा. त्यावर आक्षेप मागवा. ज्यांस पाणवठ्यावर व देवळात अटकाव झाला, ज्यांनी धर्मांतर केले व त्याची किंमत मोजली, त्यांचा वृत्तांत त्यांच्याच शब्दांत घ्या. प्रत्येक ग्रंथालयात प्रत ठेवा. एवढे करून मग खुशाल पुरा. मग पुरले काय आणि न पुरले काय!

पण सरकारची वाट पाहत बसू नका. १९६१ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात २७ लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म बौद्ध असा नोंदविला. भोवती दडपण असता अशिक्षित आयाबायांनीही गणकापुढे तो शब्द उच्चारला. हाच आपला पहिला शिलालेख होय. दुसरा तुम्ही लिहावयाचा आहे. घरातील वृद्ध अजून बोलत आहेत तोवर त्यांस विचारा : दीक्षा केव्हा घेतली, गावाने काय केले, काम कोणी बंद केले, विहीर कोणी उघडली. सन, गाव व नाव घालून वहीत उतरवा, त्याची एक प्रत विहारात ठेवा आणि पौर्णिमेस सर्वांदेखत वाचा.

पुरलेले उकरता येते. सर्वांनी वाचलेले कोणासही उकरता येत नाही.