गर्दी बघून गाळा घेऊ नका!



आज व्हिडिओतल्यापेक्षा जरा घरगुती विषय. गेल्या महिन्यात माझा धाकटा भाऊ मुंबई बघायला आला. निमित्त फिरण्याचं, पण डोक्यात सँडविचचं दुकान. तासगावला एसटी स्टँडसमोर एक गाळा बघून ठेवलेला, भाडं महिना १२ हजार, डिपॉझिट वेगळं. आईच्या नावावरची एफडी मोडायची, एवढंच बाकी होतं.

रविवारी सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसने सीएसएमटीला उतरला. स्टेशनची इमारत, समोर महापालिका, फोटो वगैरे झाले आणि आम्ही फोर्टातून चालत गेटवेकडे निघालो. त्याला मी सांगितलं होतं की इथे खायच्या गाड्यांवर दुपारी उभं राहायला जागा मिळत नाही. बघतो तर गल्ल्या ओस! गाड्यांवर ताडपत्री, शटर खाली. "दादा, तू तर म्हणत होतास..." अरे, ऑफिसं बंद, मग खाणार कोण? सोमवारी ये, मग बघ.

तिथून पंधरा मिनिटांवर गेटवेला मात्र पाय ठेवायला जागा नाही. झालं, भाऊ पेटला. "आपल्याकडेपण स्टँडवर एवढीच गर्दी असते!"

माझं मत इथेच वेगळं आहे, आणि ते मी त्याला तिथल्या कट्ट्यावर बसवून सांगितलं. गर्दी दुकानाची नसते, जागेची असते. लोक तिथे दुसऱ्याच कामाला आलेले असतात. गेटवेला फोटो काढून लगेच प्रिंट देणारे फोटोग्राफर फिरतात ना, त्यातला एक आम्ही निवडला आणि अर्धा तास नुसतं मोजलं. साठेक लोकांना त्याने विचारलं. पाच जणांनी फोटो काढला. तोही रविवारी, भर उन्हाळी सुट्टीत! नंतर त्याच्याशी बोललो, तर म्हणाला, पावसाळ्यात मांडव्याच्या बोटी बंद झाल्या की हेपण राहत नाही. (एक फोटो आम्हीही काढला. माणसाचा अर्धा तास खाल्ला होता.)

मग कागद काढला. १२ हजार भाडं म्हणजे रोजचे ४००. एका पोराचा पगार ९ हजार धरला, रोजचे ३००. गॅस, लाइट १००. झाले ८००. ब्रेड, बटाटा, चीज, चटणी जाऊन एका सँडविचमागे २० रुपये सुटतात असं धरा. म्हणजे रोज ४० सँडविच विकली की तुम्ही फक्त शून्यावर येता. घरी नेण्यासाठी एकेचाळिसावं विकायचं! त्यात एफडी मोडलेली, तिचं व्याजही बुडालं, ते या हिशोबात धरलेलंच नाही.

भाऊ गप्प झाला. मरीन ड्राइव्हला पोचेपर्यंत काही बोलला नाही. मला वाईटही वाटलं, फिरायला आलेल्या पोराला मी हिशोबाला बसवलं. आईने फोनवर तेच ऐकवलं.

पण मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. अनेक प्रशिक्षक "आधी सुरू करा, गिऱ्हाईक आपोआप येतं" असं सांगतात. पैसा स्वतःचा असेल आणि गेला तरी चालणार असेल, तर करा बापडे. आईची एफडी असेल तर आधी वही घ्या. जिथे गाळा घेणार, त्याच्यासमोर बाजारच्या दिवशी बसा, आडवारी बसा, कॉलेज बंद असताना बसा. जाणारे मोजू नका. शेजारच्या वडापाववाल्याकडे थांबून खिशात हात घालणारे मोजा. एसटी लागली की अर्धा घास टाकून पळणारे किती, तेपण लिहा.

भाऊ सध्या हेच करतोय. रोज रात्री वहीच्या पानाचा फोटो पाठवतो. परवाच्या गुरुवारी २३ आकडा आला, कालच्या सोमवारी ९. गाळेवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला, डिपॉझिट अजून दिलेलं नाही.